लेकीला वर्षभर परक्या घरी पाठवावं का? (युवा विनिमय, नेतृत्व शिबिरं वगैरे – अनुभव हवेत)

सई_ची_आई – १४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही सांगलीचे. मुलगी दहावीत. मैत्रिणीच्या बाबांकडून तिला रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजबद्दल (युवा विनिमयाबद्दल) कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दहा-अकरा महिने परदेशात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि राहायचं तिथल्या लोकांच्या घरी. एकाच घरी नाही, काही महिन्यांनी घर बदलतं. राहण्याजेवणाचे पैसे द्यायचे नाहीत, शाळेची फी नाही. विमान, विमा, व्हिसा आपला. दर महिन्याला थोडा हातखर्च तिकडचा क्लब देतो. देशांचा पसंतीक्रम लिहून द्यायचा, पण मिळेल तो देश आपला. आणि परतफेड म्हणून तिकडून आलेलं एखादं मूल आपणही काही महिने घरी ठेवायचं.

नियम कडक आहेत. ड्रिंकिंग, ड्रग्ज, डेटिंग, ड्रायव्हिंग, हे चार 'डी' बंद. मोडले तर पुढच्या विमानाने घरी. हे मी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "बंद केलेत म्हणजे तिथे चालत असणार!"

नवऱ्याची काळजी वेगळी. अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको. त्यात मधलं एक वर्ष उचलून बाजूला ठेवायचं.

माझा प्रश्न साधा आहे. माहितीच्या कार्यक्रमाला गेले होते. पडद्यावर दर दोन मिनिटांनी 'नेतृत्वगुण', 'आत्मविश्वास', 'जागतिक दृष्टी'. ऐकायला छान वाटतं. पण म्हणजे नेमकं काय होतं? आमची सई चहा उत्तम करते पण गाळणं धुऊन ठेवत नाही. अशी पोरगी परक्याच्या घरी वर्षभर राहून काय होऊन येते? ज्यांनी पाठवलंय, जे गेलेत, ज्यांनी घरी ठेवून घेतलंय, त्यांनी कृपया खरं खरं लिहा.

---

चिंचोका – १४ नोव्हेंबर, रात्री ११:१२

पाठवा. बाकी सविस्तर नंतर.

---

कडक_भाकरी – १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

या धाग्यासाठी दोन वर्षांनी लॉगिन केलं. पासवर्ड शोधण्यात अर्धा तास गेला.

मी गेलो होतो. १९९८ साली, सोलापूरहून थेट जर्मनीतल्या एका खेड्यात. वय सतरा. पहिल्या रात्रीची गोष्ट सांगतो, बरंचसं त्यातच आलं.

तिकडे संध्याकाळचं जेवण म्हणजे आबेंडब्रोट. पाव, चीज, मांसाच्या चकत्या, व्हिनेगरमधली काकडी. सगळं थंड. मी पावाचे दोन तुकडे खाल्ले. होस्ट आईने विचारलं, अजून घेणार? मी म्हणालो, नको नको. आता आपल्याकडे पहिलं 'नको' हे 'नको' नसतंच. दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा ताटात पडतंच, मग आपण "अहो कशाला" म्हणत खायचं. तर मी त्या दुसऱ्या वेळेची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसलो. बाईंनी पावाची टोपली उचलली, फडकं झाकलं, कपाटात ठेवली, दार लावलं. संपलं जेवण! घड्याळात साडेसहा. रात्री खोलीत बसून आईने दिलेली शेंगाची चटणी नुसती चमच्याने खाल्ली.

असे तीन दिवस गेले. बाई दुष्ट नव्हत्या हो, माझ्या शब्दाचा मान ठेवत होत्या. चौथ्या दिवशी "अजून घेणार?" वर मी "हो, द्या" म्हणालो. जर्मनमध्ये दोनच शब्द आहेत, पण कान तापले होते माझे.

सई_ची_आई, त्या पडद्यावरच्या 'आत्मविश्वासा'चं मला सापडलेलं भाषांतर हे. आपल्याला काय हवंय ते तोंडाने सांगणं. सोलापुरात सतरा वर्षांत ती वेळच आली नव्हती, आईला न सांगता कळायचं.

मग घरं बदलली. पहिल्या घरी बूट दाराशी काढायचे, दुसऱ्या घरी बूट घालून बैठकीत बसलेलं चालायचं, तिसऱ्या घरी पाणी वाया घालवलेलं खपायचं नाही आणि आजोबा न्हाणीघराच्या दारावर टकटक करायचे. दर वेळी शून्यापासून. या घरात मोठ्याने हसतात का? फ्रीज न विचारता उघडतात का? माणसं वाचायला मी तिथे शिकलो. पुढे पंधरा वर्षं विक्रीच्या नोकरीत तेवढ्यावर निभावलंय.

आता अडचणी. घर आठवतं ते पहिल्या महिन्यात नाही, तेव्हा सगळं नवं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवतं. इकडे दिवाळी आणि तिकडे साडेचारला अंधार, एकदम. तेव्हा मूल रडतं. रडू द्या. आमच्या वेळी महिन्यातून एक फोन, तोही घड्याळ लावून. आता व्हॉट्सॲप आहे, आणि त्याचा फायद्यापेक्षा तोटा जास्त. रोज व्हिडिओ कॉल केलात तर पोरगी सांगलीतच राहील, झोपायला फक्त तिकडे.

अकरावीचं म्हणाल तर माझं ते वर्ष इथे धरलं गेलं नाही. बरोबरचे सगळे एक वर्ष पुढे गेले. दोन-तीन वर्षं खटकलं. नंतर कोण कुठल्या वर्षी पास झालं हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

---

चिंचोका – १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

शेंगाच्या चटणीला दंडवत. मी लिहिणार होतो ते सगळं आलं.

---

अरसिक_काका – १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

चटणी वगैरे ठीक आहे. पण विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, वर खर्चाला पैसे, शिवाय घरात पाहुणा ठेवायला वेगळी खोली. हे कुणाला जमतं? ज्यांच्या पोरांना आत्मविश्वास आधीच आहे त्यांना. बीडच्या आयटीआयमधल्या पोराने काय करायचं?

आणि 'नेतृत्व शिबिर' या प्रकाराबद्दल न बोललेलं बरं. कंपनीने मला दोनदा पाठवलंय. वर्तमानपत्रांचा मनोरा करा, डोळे बांधून मागे पडा, शेवटी गोल करून "आज मी काय शिकलो". मी शिकलो की जेवणात गुलाबजाम होते. एका मनोऱ्याने पुढारी घडत असते तर आमचा पेपरवाला पंतप्रधान झाला असता.

---

सह्यकडा – १५ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

काका, मनोऱ्याला +१. पैशांच्या मुद्द्याला अर्धाच.

पूर्ण शिष्यवृत्तीवालेही कार्यक्रम आहेत. अमेरिकन सरकारचा केनेडी-लुगार युथ एक्स्चेंज अँड स्टडी, म्हणजे 'येस', २००२ मध्ये सुरू झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांनी अमेरिकेत वर्षभर राहावं म्हणून. भारतही त्यात आहे. इथलं काम एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) ही विनिमय संस्था बघते. प्रवास, राहणं, विमा शिष्यवृत्तीत. जागा थोड्या, चाळणी बारीक, पण बाप काय करतो यावर निवड होत नाही.

अवांतर: एएफएसचा उगम मला फार आवडतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही रुग्णवाहिका सेवा. दुसऱ्या महायुद्धातही तेच काम. ते संपल्यावर या ड्रायव्हर लोकांना वाटलं, जखमी उचलत बसण्यापेक्षा पोरांना एकमेकांच्या घरी पाठवू. १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू झाली.

---

मोहफूल – १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अरसिक_काकांनी विचारलं म्हणून लिहिते. मी गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातली. घरी माडिया ही आमची आदिवासी बोली बोलतो.

२०१३ साली आदिवासी युवा विनिमय कार्यक्रमात गेले होते. नक्षलग्रस्त जिल्ह्यांतल्या तरुणांना आठवडाभर मोठ्या शहरात नेतात. एक पैसा लागला नाही. बल्लारशाला पहिल्यांदा आगगाडीत बसले. तिथून दक्षिणेत. कारखाना दाखवला, विमानतळ दाखवला, मोठमोठे साहेब भेटले. सरकत्या जिन्यासमोर आम्ही नऊ मुली दहा मिनिटं उभ्या होतो. शेवटी एकीने चप्पल हातात घेतली आणि चढली.

पण खरं सांगायचं तर शहर आता फारसं आठवत नाही. आठवतात बस्तरच्या मुली. इंद्रावतीच्या अल्याड आम्ही, पल्याड त्या. मधे नदी, आणि काय काय. आयुष्यात कधी भेटलो नसतो. शहरातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये रात्री गाद्या टाकल्यावर एक मुलगी माझ्या आजीच्या शब्दांत बोलली आणि मी उठून बसले. शहर बघायला पाठवलं होतं, भेटले शेजारी. त्यांची रेला गाणी आणि आमची, चाल एक. आज दहा वर्षांनंतरही फोन चालू आहेत.

शेवटच्या दिवशी माईकवर हिंदीत दोन मिनिटं बोलले. पाय लटपटत होते. आता ग्रामसभेत पुरुषांसमोर बोलते तेव्हा लटपटत नाहीत. दोन्हीचा संबंध असेल, नसेल.

तक्रार नाही, एकच विचार मनात येतो. विनिमय म्हणजे देवाणघेवाण ना? आम्ही जाऊन शहर बघून आलो. शहरातलं कुणी आमच्या गोटूलात, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या जमण्याच्या घरात, सात दिवस राहायला आलं असतं तर मीही काही दाखवलं असतं. मोहफुलं पहाटे का वेचतात, एवढं तरी.

---

अरसिक_काका – १५ नोव्हेंबर, रात्री ९:५५

मोहफूल, तुमच्या प्रतिसादापुढे माझा पेपरवाला मागे घेतो. मोहफुलं पहाटे का वेचतात ते सांगाच.

---

मोहफूल – १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

रात्री-पहाटे गळतात काका. उशीर केला तर गुरं आणि हरणं आधी पोचतात. कधी कधी अस्वलही.

---

पळसपान – १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

शहरातली मुलं थोडी तरी येतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्यसंस्थेने २००६ पासून तरुणांसाठी 'निर्माण'ची शिबिरं चालवली आहेत, गडचिरोली जिल्ह्यात शोधग्रामला. आमचा धाकटा पुतण्या तिथे गेला होता. आठ दिवसांनी आला आणि एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं वर्ष पैसे भरून सोडवायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातच करायचं, असं जाहीर केलं. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला होता.

आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी, १९६७ पासून. भर मे महिन्यात, विदर्भातल्या उन्हात! पहाटे कुदळ-फावडं, नंतर चर्चा, रात्री गाणी. मी १९८९ ला होतो. तेव्हा तिथे बाबांच्या भारत जोडो यात्रेला जाऊन आलेले दोघे भेटले. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर सायकलवर, आणि मग इटानगर ते ओखा. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, ते गाडीत झोपून सगळ्यांबरोबर. त्या दोघांकडून फक्त पंक्चर काढायला शिकलो, पण अजून येतं.

---

मास्तरीण_बाई – १६ नोव्हेंबर, दुपारी २:४०

एनएसएसबद्दल (राष्ट्रीय सेवा योजना) कुणीच कसं बोललं नाही? १९६९ पासून चालू आहे, जवळपास प्रत्येक कॉलेजात आहे, विमान लागत नाही. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. मी नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी होते.

पुढारीपण कुठे दिसतं सांगू? बौद्धिकात नाही. पाहुणे वक्ते बोलत असतात तेव्हा मागच्या दोन रांगा झोपलेल्या. ते दिसतं पहाटे साडेपाचला चुलीपाशी. पन्नास जणांना पोहे किती लागतात? पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघतात. मी सांगत नाही. एका वर्षी पोरांनी अडीच किलो भिजवले, शेवटच्या वीस जणांना नुसता चहा. ज्याच्या गटाची पाळी होती तो मुलगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी, दुपारी वाढताना तुम्ही वीस जण पहिले." दुसऱ्या दिवशी पाच किलो, आणि कोथिंबीर त्याने गावातून मागून आणली. माझ्या वहीत त्या शिबिरातली एवढीच नोंद आहे.

बंधारा घालायचा होता, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून. जागा कुठली, यावर ओढ्याच्या दोन बाजूंच्या शेतकऱ्यांत तंटा. द्वितीय वर्ष बीएची एक मुलगी दोघांच्या घरी जाऊन चहा पिऊन आली. काय बोलली ते आजवर सांगितलेलं नाही. बंधारा झाला.

सगळीच शिबिरं अशी होत नाहीत. काही ठिकाणी फोटोपुरतं झाडू धरणं चालतं, तेही पाहिलंय. पण अरसिक_काकांच्या आयटीआयच्या पोराला विचारायला हरकत नाही, आयटीआयमध्येही एनएसएस असतं.

---

नाव_नको – १६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

कडू अनुभव लिहितो. संस्थेचं नाव विचारू नये, व्यनिही (व्यक्तिगत निरोप) करू नये.

पुतण्याला मेल आला, "जागतिक युवा नेतृत्व परिषदेसाठी तुमची निवड झाली आहे." अर्ज म्हणून त्याने फक्त ऑनलाइन फॉर्म भरला होता. घरी पेढे वाटले. मग शुल्क, मग हॉटेलचे वेगळे, मग 'प्रतिनिधी संच' म्हणून कोट-बॅगचे वेगळे. लाखाच्या वर गेले. परदेशातल्या एका हॉटेलात चार दिवस. तिथे कळलं की फॉर्म भरलेल्या सगळ्यांचीच निवड झालेली. हॉलमध्ये निम्मे आपलेच, पुण्या-नागपूरचे. देवाणघेवाण कुणाशी, तर कोथरूडशी. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर.

तेव्हा सई_ची_आई, काहीही असो, हे विचारूनच घ्या. निवड कशी होते आणि किती जणांना नाकारतात. ज्या घरी मूल राहणार ते घर आधी कोण बघून येतं. त्या घराबाहेरचा एक तरी माणूस मुलीचा पालक म्हणून नेमलेला आहे का, आणि रात्री दोनला तो फोन उचलेल का. मध्येच परत यायचं झालं तर तिकीट कुणाचं. हे विचारल्यावर समोरचा चिडला तर उठून या.

---

सई_ची_आई – १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव_नको, तुमचे चारही प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेले. तिकडच्या क्लबचा एक माणूस काउन्सेलर म्हणून असतो, तो होस्ट घरातला नसतो, असं कळलं. कुणी चिडलं नाही. एकाने तर कागदाची झेरॉक्स मागितली.

ज्यांनी घरी मूल ठेवलंय असं कुणी?

---

पंचगंगा – १७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

आम्ही. कोल्हापूर, चार महिने, फ्रान्सचा मुलगा, सतरा वर्षांचा.

पहिले पंधरा दिवस मी त्याच्यासाठी पास्ता करत होते आणि तो बिचारा निमूट खात होता. एक दिवस आमच्या ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवलं. मग सुटला. तांबड्या रश्श्याने डोळ्यांतून पाणी, पण वाटी खाली ठेवेना. सासऱ्यांबरोबर सकाळी तालमीत जाऊन बसायचा. जाताना त्याला 'काय भावा' नीट म्हणता येत होतं, 'धन्यवाद' नाही.

जेवल्यावर तो स्वतःचं ताट उचलून घासायचा. मी आधी ओशाळले, मग चिरंजीवांकडे बघितलं. आठवड्यात दुसरं ताटही घासलं जायला लागलं. हे फुकटात मिळालं.

आता जे सांगणार आहे ते कुठे बोललेले नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बारा वर्षांपासून आहेत, घरच्यासारख्या. असं मीच सगळ्यांना सांगते. एक दिवस तो ओट्यापाशी उभा होता. मी चहा गाळत होते. पाच कप एका रांगेत आणि एक स्टीलचा पेला खिडकीत. त्याने विचारलं, "तो वेगळा का?" भोचकपणाने नाही, खरंच माहिती हवी होती म्हणून. जसं त्याने झेंडूचं तोरण का, हे विचारलं होतं. मी इंग्रजीत उत्तर जुळवायला गेले. मराठीतही जुळेना.

तो पेला आता खिडकीत नसतो. एवढंच.

म्हणून सई_ची_आई, फॉर्मवर 'विद्यार्थ्याचा विकास' लिहिलेलं असतं. होस्ट घरासाठी तसा रकाना नसतो.

---

चिंचोका – १७ नोव्हेंबर, रात्री ८:५८

_/\_

---

खानदेशी_मांडे – १८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पंचगंगा, साने गुरुजींना हेच हवं होतं की. आंतरभारती म्हणजे दुसरं काय? एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याच्या घरी जेवावं. १९५० मध्ये गेले गुरुजी, स्वप्न अर्धं टाकून. परदेशाचं राहू द्या, आपल्यातल्या किती जणांनी आठ दिवस ओडिशातल्या घरी काढलेत? सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. भाची त्यातून जाऊन आली. पाण्यात भिजवून आंबवलेला भात, पखाळ, खाऊन आली आणि आजीला म्हणते, तू शिळा भात फेकू नकोस. आजी म्हणाली, मी कधी फेकला?

---

सई_ची_आई – २० फेब्रुवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. निवड झाली. मुलाखतीत विचारलं, "तुझ्या गावाबद्दल सांग." सईने हळदीच्या बाजारावर पाच मिनिटं भाषण केलं म्हणे. देश मिळालाय ब्राझील. पसंतीत पाचवा होता. सासूबाईंनी पृथ्वीचा गोल आणायला लावला आणि सांगलीवरून सुई घालून पलीकडे कुठे निघते ते बघितलं. फार लांब आहे हो.

कुणाला पोर्तुगीज येतं का?

---

मांडवीकाठी – २० फेब्रुवारी, रात्री ९:४०

आम्ही गोंयकार कशाला आहोत! सईला सांगा, तिला थोडं येतंच. पाव, बटाटा, चावी, काजू, परात, घमेलं, पगार, हे सगळं आपण पोर्तुगीजांकडून घेतलेलं. फक्त 'चावी' तिथे 'शावी' होईल, आणि 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. अननस मागू नये, ब्राझीलात त्याला 'अबाकाशी' म्हणतात. काजू मागितला तर फळ येईल, बी नव्हे. काजूचं मूळ तिथलंच, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला.

---

सई_ची_आई – ३ डिसेंबर, रात्री ११:२०

ऑगस्टमध्ये गेली. मिनास जेराइस राज्यातलं छोटं गाव आहे. विमानतळावर होस्ट आईने गालाला गाल लावला तर ही खांब झाली म्हणे. रोज भात आणि घेवड्याची उसळ, ते झकास जमलंय. दिवसातून दोनदा आंघोळ करतात यावर सासूबाई बेहद्द खूश, ब्राझीलबद्दलचं त्यांचं मत पूर्ण बदललंय.

कडक_भाकरी, तुम्ही सांगितलेला ऑक्टोबर आला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोनवर वीस मिनिटं नुसती रडत होती. "मला न्यायला ये." नवऱ्याने तिकिटं बघायला लॅपटॉप उघडला. मी तुमचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावला होता, तो त्यांना वाचायला लावला. लॅपटॉप मिटला, पण त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. त्यानंतर फोन फक्त रविवारी.

आणि परवा सहज बोलता बोलता म्हणाली, होस्ट बहीण तिचे कपडे न विचारता घालायची. हिने तुटक्यामुटक्या पोर्तुगीजमध्ये तिला समोरासमोर सांगितलं, मला हे आवडत नाही. मग दोघी आइस्क्रीम खायला गेल्या. मी विचारलं, कधी झालं हे? तर म्हणे, झाले दहा-बारा दिवस. दहा-बारा दिवस! शाळेत कुणी पेन्सिल घेतली तरी दारातूनच "आईऽऽ" करत यायची.

---

अरसिक_काका – ४ डिसेंबर, सकाळी ७:१०

गाळणं धुते का पण?

---

सई_ची_आई – १९ जुलै, रात्री १०:०५

परत आली. काका, गाळणं अजून तसंच. ताट मात्र घासते. एक्स्चेंजच्या मुलांनी एकमेकांना दिलेल्या एवढ्या पिना कोटावर आहेत की हँगर वाकला. झोपेत पोर्तुगीज बोलते. मैत्रिणी बारावीत आणि ही अकरावीत, त्याने थोडी हिरमुसली आहे. एक-दोघींशी आता सूर जुळत नाही असंही दिसतंय. ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता माझा प्रश्न. पुढच्या महिन्यात मेक्सिकोची मुलगी येतेय, सोळा वर्षांची. मी सकाळपासून याद्या करतेय. पहिल्या दिवशी काय करू? तिखट किती? पंचगंगा, कडक_भाकरी, सांगा.

---

पंचगंगा – १९ जुलै, रात्री १०:३०

मेक्सिकोची आहे, तिखटाची काळजी तुम्ही तुमची करा. पास्ता करू नका.

---

कडक_भाकरी – १९ जुलै, रात्री ११:१५

आग्रह करून वाढू नका, आणि ती 'नको' म्हणाली तर टोपली उचलूही नका. टेबलावर राहू द्या. रात्री भूक लागली तर डबा कुठल्या फळीवर असतो ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.